बेड रेडी व्हायला चार वाजले

मागे आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय 71. अँब्युलन्सने पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला नेलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील, आणि कॅज्युअल्टीत खरंच सगळं भराभर झालं, एक्सरे, सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, ऑर्थोचे डॉक्टर पण बघून गेले, उद्या ऑपरेशन करू म्हणाले. मग अ‍ॅडमिशन काउंटरला फॉर्म भरला, डिपॉझिट भरलं, पॉलिसीची झेरॉक्स दिली आणि त्यानंतर बेड मिळायला चार वाजले.

तोवर आई त्या अरुंद स्ट्रेचरवर. कूस बदलता येत नाही, जरा पाय हलला की कळवळायची. पाठीला रग लागली म्हणून मी खाली हात घालून उभा. मधेमधे काउंटरला जाऊन विचारायचो, उत्तर एकच, "वर डिस्चार्ज चालू आहे."

शेवटी एका मामांनी (वॉर्डबॉयना तिथे सगळे मामाच म्हणतात) नीट समजावलं. डॉक्टर राऊंडला येऊन "घरी जा" म्हणतात अकराला, मग समरी टाईप होणार, उरलेली औषधं फार्मसीला परत, फायनल बिल, ते टीपीए डेस्कवरून (हॉस्पिटल आणि इन्शुरन्स कंपनी यांच्यातली कागदपत्रं बघणारं काउंटर) इन्शुरन्स कंपनीला, तिकडून अप्रूव्हल, मग पेशंट उठणार, मग बेड पुसून चादरी बदलणार आणि मग खाली फोन येणार. म्हणजे आई खाली अडकलेली होती ती वरच्या माणसाची फाईल अडकली म्हणून. नंतर वर गेलो तर ते काका लिफ्टपाशीच भेटले, कपडे घालून बॅग भरून सकाळपासून बसलेले, अप्रूव्हल नाही म्हणून सोडत नव्हते. त्यांच्या मिसेसनी आईच्या डोक्यावरून हात फिरवला.

हे सगळं होत असताना मला एक गोष्ट माहीत नव्हती जी प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 29 मे 2024 च्या परिपत्रकात सांगितलंय की कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने 1 तासात निर्णय द्यायचा आणि हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आली की 3 तासात फायनल अप्रूव्हल द्यायचं. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्या वेळेचे जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे, पेशंटने नाही. पण हे 3 तास मोजायला सुरुवात होते हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर, आणि बराचसा वेळ त्याच्या आधीच जातो. म्हणून टीपीए डेस्कला "अप्रूव्हल आलं का" विचारण्याआधी "पाठवलं किती वाजता" हे विचारा, वेळ लिहून घ्या.

आणि काउंटरवाल्यांनी निदान एवढं तरी सांगावं ना, की बेड आज मिळेल पण चार वाजतील. मी आधीच गादी मागितली असती, स्ट्रेचरवर अजून एक टाकता येते, ती आम्हाला दोन वाजता एका सिस्टरने आपणहून आणून दिली.

आईला सहाव्या दिवशी सोडणार होते. आदल्या संध्याकाळीच मी सिस्टरच्या मागे लागलो, औषधं रात्रीच परत केली, समरी सकाळी राऊंडच्या आधी टाईप करून ठेवायला सांगितली, डॉक्टरांनी साडेनऊला सही केली आणि कागद दहाच्या आत गेले. साडेबाराला बेड रिकामा झाला. खाली कॅज्युअल्टीत एक आजोबा स्ट्रेचरवर होते, आम्ही निघालो तेव्हा मामा त्यांनाच न्यायला आले होते.