एकाच दांडीची गाडी

आमच्या घरी १९८४ सालची येझदी मोटरसायकल आहे. वडिलांनी ती घेतली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच शंभर सीसीच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी बनावटीच्या गाड्या कराडच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. त्यामुळे आपण चूक केली, असे वडील तेव्हापासून आजतागायत म्हणत आले आहेत. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली, तो १९९६ साली बंद पडला. गाडी मात्र 'एमएच' ही अक्षरे येण्यापूर्वीचा नंबर मिरवत आमच्या पडवीत उभी आहे.

येझदीची खरी गंमत तिच्या डाव्या बाजूला आहे. तिथे जी दांडी असते तीच किक आणि तीच गिअर. दांडी आत दाबून वर फिरवली की तिची किक होते आणि गाडी सुरू झाली की खाली आणून तिचाच गिअर म्हणून वापर करायचा. उजव्या पायाने किक मारण्याची सवय असलेला पाहुणा प्रथम उजवीकडे वाकून पाहतो, मग गाडीला किकच नाही असे जाहीर करतो, आणि ती दांडी दाखवून देताना मला जे समाधान मिळते ते काहीसे क्षुद्र आहे, हे मी मान्य करतो.

पण मला वाटते, माझा जीव गाडीत कमी आणि तिच्याविषयीच्या या निरुपयोगी ज्ञानात अधिक गुंतला आहे. पावसाळ्यात चौथ्या किकनंतर थांबायचे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा बसवायचा. टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मोजूनच मिसळायचे, कारण कमी पडले तर पिस्टन जाम होतो आणि जास्त झाले तर गल्ली धुराने भरते. दोन्ही सायलेन्सरमध्ये काजळी साचली की आवाज घोगरा होतो आणि चढावर दम लागतो. हे सारे मी शिकलो ते गाडीच्या खोडींमुळे. न बिघडणाऱ्या माझ्या नव्या स्कूटरविषयी मला तिच्या किल्लीपलीकडे काहीही ठाऊक नाही, आणि ती उद्या चोरीला गेली तर मी आधी विम्याचे कागद शोधीन.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांनी हरित कर भरताना वडील न चुकता विचारतात, "कशाला ठेवलीस? विकून टाक." त्यांचा हिशेब बरोबर आहे. भंगाराच्या भावापेक्षा तिच्यावर झालेला खर्च कितीतरी अधिक आहे आणि सुटे भाग मिळवण्यासाठी जुन्या मिस्त्रीकडे मारलेल्या फेऱ्या तर हिशेबातच धरलेल्या नाहीत.

गेल्या रविवारी कृष्णाकाठापर्यंत फेरी मारून आलो आणि गाडी पडवीत लावली. इंजिनाचा तो धप्‌धप्‌ आवाज थांबला, तेव्हा वडील आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी डोके वर केले असेल असे मला वाटत नाही, पण आवाज आला, "पेट्रोलचा कॉक बंद केलास का?"

केला नव्हता.