रोडकिंगची नोंदवही 1: कोल्हापूर ते रत्नागिरी, भर पावसात

कोल्हापुरात घेतलेली जुनी मोटरसायकल रत्नागिरीला घरी आली. टेम्पोत घालून नाही, चालवत आणली. मागच्या वेळी गाडी चालवत आणणार म्हटल्यावर ज्यांनी ज्यांनी 'टेम्पोच कर' असं बजावलं होतं, त्यांनी पुढचं वाचून हसायला हरकत नाही.

येझदी रोडकिंग, 1986 ची. 1989 च्या आधीचा तीन अक्षरी नंबर अजून जागेवर आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मे पैसे मी त्या नंबरप्लेटचेच मोजले. एकूण किती दिले ते विचारू नका. घरी एक आकडा सांगून ठेवलाय, तो इथून फुटायला नको. 6 व्होल्टचं जुनं वायरिंग, पॉइंट्सवालं इग्निशन (पॉइंट्स म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क), दोन्ही सायलेन्सर मूळचे, टाकीला आतून थोडा गंज. पुनर्नोंदणी झालेली आहे, आरसीवर अजून तीन वर्षं शिल्लक. विकणारे काका साखर कारखान्यात फिटर होते. गाडी त्यांनी स्वतःच्या हातानं सांभाळलेली, हे महत्त्वाचं आहे. पुढे येईलच.

सकाळी नऊला कोल्हापुरात पाऊस असा लागला होता की काकांनी चावी हातात द्यायलाच नको म्हटलं. "पावनं, आज ऱ्हावा की हितंच. पंचगंगा चढाय लागलीया." पण केर्लीजवळ पाणी रस्त्यावर आलं की हा रस्ता बंदच होतो, मग चार दिवस राहावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, निघालेलं बरं. काकूंनी दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या दिल्या, मोज्यांवरून घालायला. बाकी कुठल्याही महागड्या रेनकोटापेक्षा त्या दिवशी त्याच कामी आल्या.

पाच लिटर पेट्रोल आणि 200 मिली टूटी ऑइल (टूस्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच मिसळायचं तेल), म्हणजे लिटरला 40 मिली. काहीजण 30 वर चालवतात, पण अनोळखी इंजिन आणि पुढे घाट, मी हात सैल सोडला. धूर निघाला तर निघू दे. टाकीच्या झाकणावर प्लास्टिक बांधलं, कारण रबर कडक झालेलं होतं. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल त्याला धरून तळाशी जाऊन बसतं, आणि पेट्रोलचा कॉक तळालाच असतो.

ज्यांनी ही गाडी कधी चालवली नाही त्यांच्यासाठी: किक आणि गिअर एकच दांडा, तोही डावीकडे. आत दाबून वर उभा करायचा, किक मारायची, चालू झाली की खाली आणून त्याच दांड्यानं गिअर टाकायचा. कोरड्या दिवशी यात मजा आहे. ओल्या बुटानं तो दांडा दोनदा निसटला आणि नडगीवर बसला. पहिला प्रसाद शिवाजी पुलाच्या अलीकडेच मिळाला.

बांबवडेपर्यंत गाडी सुरेख चालली. साठच्या वर नेलीच नाही. दोन सायलेन्सरांचा तो टणटणीत आवाज पावसाच्या आवाजात मिसळला की हेल्मेटच्या आत बसून ऐकत राहावंसं वाटतं. मलकापूरला चहा. चौपदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणं काढलेली, त्यावर तांबडा चिखल; तिथे पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून, बदकासारखा गेलो. त्यावर जास्त लिहीत नाही.

आंबा गाव यायच्या आधी गाडी खोकायला लागली. आधी एखादा ठोका गाळायची, मग दोन, मग थ्रॉटल दिला की उलट मरायची. आंबा गावाच्या थोडं अलीकडे बंदच पडली. शेजारी एक बंद टपरी, पत्र्याखाली गाडी ढकलली.

प्लग काढला. ओला, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल येतंय, जळत नाहीये. इंजिनाच्या फिन्सना टेकवून किक मारली तर ठिणगी म्हणजे केशरी काडीसारखी, मधूनच येणारी. दुसरा प्लग लावला, तेच. प्लगकॅप काढून झटकली, वायरचं टोक थोडं कापून परत बसवलं, तेच. इथे माझी वीस मिनिटं गेली, कारण 'पाऊस म्हणजे प्लगकॅप' हे डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी इंजिनाचं उजवीकडचं, पॉइंट्सवरचं कव्हर उघडलं. आत चमचाभर चहाच्या रंगाचं पाणी आणि पॉइंट्सवर थेंब लोंबतोय. वायरी बाहेर पडतात तिथलं रबर गायब, आणि त्या जागी घडी घालून कोंबलेला पुठ्ठा, भिजून लापशी झालेला.

रुमाल ओला, बनियन ओला, अंगावर कोरडं असं काहीच नाही. मग आठवलं, कागदपत्रं पिशवीत आहेत. इन्शुरन्सच्या पाकिटाचा कोपरा फाडला, पॉइंट्सच्या मधून चार वेळा सरकवला. पुठ्ठा काढून खिशात टाकला, भोकात पायातल्या दुधाच्या पिशवीचा तुकडा कोंबला आणि बाहेरून पंक्चरच्या पेटीतली ट्यूबची पट्टी गुंडाळली. तिसऱ्या किकला सुरू. त्या टपरीखाली मी एकटाच होतो, तरी दोन्ही हात वर केले.

आता आंबा घाट. चढापेक्षा उतार वाईट, हे टूस्ट्रोकवाल्यांना सांगायला नको, पण नव्यानं आलेल्यांसाठी लिहितो. फोरस्ट्रोकसारखं इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. थ्रॉटल सोडला की गाडी घरंगळतेच. आणि तेल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे थ्रॉटल बंद ठेवून लांबच लांब उतरलो तर इंजिन फिरतंय पण तेल जवळजवळ मिळत नाहीये, असं होतं. पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं. म्हणून दर थोड्या वेळानं क्लच दाबून दोन-तीनदा रेझ द्यायची. न्यूट्रलमध्ये सोडायची नाही, कारण मग सगळा भार ड्रमब्रेकवर, आणि त्या दिवशी ड्रममध्ये पाणी होतं. पहिल्या वळणाला पुढचा ब्रेक दाबला तर काही नाही, काहीच नाही, आणि मग एकदम पकडला. त्यानंतर वळण यायच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके घासत ठेवले, म्हणजे ड्रममधले ब्रेकशूज गरम राहतात, पाणी उडतं.

धुकं इतकं की 6 व्होल्टचा दिवा म्हणजे देवापुढची समई. मला रस्ता दिसत नव्हता, समोरच्याला मी दिसत नव्हतो. एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांना धरून, वीसच्या वेगात, पूर्ण घाट उतरलो. व्हायजर वर, तोंडावर पाऊस. ट्रकवाल्याला कळलं असावं. दोनदा त्यानं वळणावर उगीचच इंडिकेटर दिला.

साखरप्याला उतरलो तर पाऊस होता, पण कोमट. दाभोळे, नाणीज, पाली हे सगळं एका दमात. हातखंब्याला वळताना पहिल्यांदा जाणवलं की डाव्या पायाचा मोजा कोरडा आहे आणि उजव्यात तळं झालंय. पिशवी उजव्याच पायातली काढली होती. घरी पोचलो साडेपाचला. 130 किलोमीटर, आठ तास. आई दारातूनच म्हणाली, "एवढ्या पैशात ही?"

रविवारी कव्हर पुन्हा उघडलं. पॉइंट्स घासून 0.4 मिलिमीटरचा गॅप लावला, गिअरबॉक्सचं तेल काढलं (दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं, सुटलो), ब्रेकशूज वाळवून पॉलिशपेपर मारला. वायरीचं रबर कुठे मिळालं तर कळवा. सध्या जाड ट्यूबचा तुकडा कापून बसवलाय. टाकीचा गंज पुढच्या भागात.

खिशातला पुठ्ठा वाळल्यावर उलगडला. जुन्या कॅलेंडरचा तुकडा. चौकोनांत पेन्सिलीनं दुधाचा हिशोब, 1, 1, दीड, 1, एका दिवशी फुली. काकांना फोन लावला, म्हटलं, पुठ्ठ्यानं पाणी आत घेतलं हो. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "व्हय, त्ये मीच घातलंय, रबर बसंना म्हणून. बारा वर्सं झाली आसतील." आणि लगेच, "आलं का न्हाई पण घरापतोर?"