आमची वाटचाल : दहा तासांच्या आतली गाडी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतकामाचे सुटे भाग, चाकणला आणि बेंगळुरूला पोचवणं हा आमचा धंदा. वडिलांनी एका जुन्या दहाचाकीवर सुरू केला, पुढं गाड्या वाढल्या. त्याबद्दल फार लिहीत नाही. चाकणच्या एका कंपनीचं, आमचं सगळ्यात मोठं काम हातातून कसं गेलं ते मात्र लिहिणार, कारण "ह्यांच्या गाड्या उशिरा पोचतात" असं बाजारात अजून बोललं जातं आणि ते खोटं आहे.

कोल्हापूर ते चाकण साधारण 270 किलोमीटर. भरलेली गाडी खंबाटकी ओलांडून सात-आठ तासांत पोचते. वेळ जातो तो गेटवर. त्या कंपनीच्या दारात आमची गाडी सकाळी लागायची आणि माल संध्याकाळी उतरायचा. वर मागणी अशी की रिकामी गाडी रात्रीत परत आणा आणि सकाळी पुन्हा लोडिंगला लावा.

ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट 1961 चा; 2025 मध्ये नव्या कामगार संहितेनं तो रद्द झाला. तेव्हा त्यात होतं: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्याला परवानगीनं 10 आणि 54. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, चढल्यापासून उतरेपर्यंत सगळं मिळून 12 तास, आणि दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगला बसण्याआधी सलग 9 तास विश्रांती. याच कायद्यात टर्मिनलवरचं नुसतं थांबणं पंधरा मिनिटांच्या आत असेल तरच कामाच्या तासांत धरायचे. दिवसभर केबिनमध्ये भाजून निघालेल्या ड्रायव्हरचा तो वेळ हिशेबातच यायचा नाही. मला हे अजून पटलेलं नाही. त्या 12 तासांच्या मर्यादेचाच काय तो आधार होता.

आम्ही सांगितलं, ड्रायव्हर चाकणलाच झोपेल, गाडी सकाळी निघेल. दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं सांगितलं, "तास-दोन तास इकडंतिकडं चालतंच की." काम त्याला गेलं. त्याच कामाच्या भरवशावर घेतलेल्या दोन गाड्यांचे हप्ते आमच्या अंगावर राहिले. एक विकली. दुसरीच्या झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून, रिमोल्ड करून ती रेटली. घरच्या दागिन्यांपर्यंत गोष्ट गेली.

असा जास्तीचा तास कधीचा असतो ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. पहाटे कराडच्या आसपास, डोळे उघडे असतात पण माणूस जागा नसतो. वाटेत रस्ता तुंबला, गाडी लावायला धड जागा नाही, अशा वेळी अर्धा तास पुढं जाऊन उजेडातल्या ढाब्यावर थांबावं, हे मीच ड्रायव्हरला सांगतो. अंधारात डिझेल चोरीला जातं. गाडी बंद पडली, वाहतूक अडली, आपत्ती आली, तर तो कायदाही सवलत द्यायचा. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा कुणाचे तास मोजणार? पण निघतानाच दोन तास जास्तीचे धरून ठरवलेली ट्रिप ही अडचण नव्हे. ती ड्रायव्हरच्या झोपेतून काढलेली कमाई आहे.

आम्हाला तारलं शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्या काकांनी. बेंगळुरूचं काम त्यांनी दिलं, डिझेलला उचलही दिली. सहाशे किलोमीटरच्या वरची ती ट्रिप आम्ही दावणगेरेला मुक्काम करून दोन दिवसांत करतो. रात्री त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न, "पोरगं झोपलं का?" मालाचं नंतर.

आमची ट्रिपवही वडिलांच्या वेळची. सुटली, चहा, जेवण, गेटला लागली, गेटमधून निघाली, मुक्काम, असे रकाने. पानांना डिझेलचे अंगठे लागलेले. आता गाडीत जीपीएस आहे, तरी वही बंद केली नाही. गाडी उभी आहे हे जीपीएसला कळतं, का उभी आहे ते वहीत लिहिलेलं असतं. सुटण्याआधी टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, प्रत्येक टायर वाजवून बघायचा, ही शिस्तही तेव्हाचीच. बद्द आवाज आला की हवा बघायची.

नवीन गाडी काढणाऱ्या पोरांनो, भाडं विचारण्याआधी माल किती तासांत खाली होतो ते विचारा. हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी खोळंबल्याचा, दर बिल्टीवरच (मालाच्या पावतीवर) लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. लवकर पोचल्याचं बक्षीस ड्रायव्हरला कधी देऊ नका.

त्याच कंपनीनं मध्यंतरी आमच्याकडं पुन्हा दर मागवला. आम्ही पाठवला, चार तासांनंतरच्या हॉल्टिंगसकट आणि चाकणच्या मुक्कामासकट. अजून उत्तर नाही.