अर्धवट झोपलेला डी ड्राइव्ह

परवा मैत्रिणीने विचारलं, "लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर फाइल्स टाकल्या तर चालतं ना गं?" बिनधास्त हो म्हणणार होते, तेवढ्यात माझी स्कॅन केलेली १४३ पानं आठवली.

लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम, आणि कागदपत्रं सगळी डी ड्राइव्हवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पार्टिशनवर (भागावर), विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-मांडणीत. रात्री विंडोज रीतसर 'शट डाउन' केलं, सकाळी लिनक्स सुरू केलं. डी उघडला, पण पेस्ट काही होईना. टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) स्पष्ट लिहिलं होतं की मेटाडेटा, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, विंडोजच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अडकलाय, म्हणून फक्त वाचायला देतोय. मला घाई. नेटवर दिसलं ते एनटीएफएसफिक्स हे लिनक्सचं दुरुस्तीचं साधन चालवलं, दोन सेकंदांत काम फत्ते, आणि दिवसभर बसून जुनी पत्रं स्कॅन करून तिथेच ठेवली. संध्याकाळी विंडोज उघडलं तर फोल्डरच गायब! चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवल्यावर 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये थोडी पानं सापडली. उरलेली गेली ती गेलीच.

तेव्हा लिनक्सला पोटभर शिव्या घातल्या. चूक माझीच होती.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हेच. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, झोपतं आणि त्याची आठवण हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये जाते. त्या आठवणीत डी ड्राइव्हचा कालचा नकाशाही असतो. मधल्या वेळेत आपण घर हलवलं, हे त्याला कुठून कळणार? जागं झाल्यावर ते जुन्याच नकाशाने कामाला लागतं. आणि एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क नव्हे. ते जर्नल (ड्राइव्हवरच्या बदलांची नोंदवही) रिकामं करतं, किरकोळ डागडुजी करतं आणि खरी तपासणी विंडोजच्या पुढच्या बूटवर ढकलतं. म्हणजे मला अडवणारी पाटी मी स्वतःच काढून टाकली होती.

लिनक्सला एनटीएफएस वाचू-लिहू देणाऱ्या ड्रायव्हरची भीती मात्र जुनी झाली. लिनक्सच्या कर्नलमधला जुना ड्रायव्हर लिहिण्याच्या बाबतीत फारच लंगडा होता. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हा नवा ड्रायव्हर स्थिर झाल्यावर लोक निर्धास्तपणे लिहू लागले. २०२१ मध्ये कर्नल ५.१५ बरोबर पॅरागॉन कंपनीचा एनटीएफएस३ हा ड्रायव्हर आला. तोही ड्राइव्ह 'डर्टी', म्हणजे नीट बंद न झालेला, दिसला की 'फोर्स' हा पर्याय दिल्याशिवाय लिहिण्यासाठी माउंट करत नाही, म्हणजे जोडून देत नाही. आता हा हट्ट मला आवडतो.

आता फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेट दोन्ही बंद. अनमाउंट झाल्याशिवाय पेनड्राइव्ह ओढत नाही, कारण कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली तरी डेटा रॅममध्येच रेंगाळत असू शकतो. शिवाय फाइलच्या नावात वेळ टाकायची खोड मोडली: लिनक्स '१०:३०' खुशाल लिहू देतं, विंडोजला नावातला तो कोलन चालत नाही. माउंट करताना 'विंडोज नेम्स' हा पर्याय दिला की असली नावं तिथेच अडतात.

मैत्रिणीला एवढंच लिहिलं: "आधी सांग, विंडोज शट डाउन केलं होतंस की रीस्टार्ट?" रीस्टार्टमध्ये ते खरोखर बंद होतं.