कोल्हापूर–मुंबई छोट्या जेटने: सीटचे पैसे भरण्याआधी हे वाचा

कोल्हापूर–मुंबई विमानप्रवास तासाभराचा. तेवढ्यासाठी सीटचा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण ५० सीटच्या एम्ब्राएर ईआरजे-१४५ मध्ये चांगली जागा आणि वाईट जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बुकिंग करताना दिसणारा सीटचा नकाशा तो अजिबात सांगत नाही. नकाशावर शेवटच्या ओळीतली खिडकीसुद्धा खिडकीच. प्रत्यक्षात तिथून दिसतो तो इंजिनाचा गोल पत्रा.

या विमानाची इंजिनं पंखाखाली नसून शेपटीजवळ दोन्ही बाजूंना बसवलेली आहेत. त्यामुळे शेवटच्या तीन-चार ओळी सोडा. फुकट मिळत असल्या तरी सोडा. टेकऑफला शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि वर गेल्यावरही घरघर कानातून जात नाही. टॉयलेट एकच, तेही मागे, म्हणजे ये-जा तुमच्याच खांद्याला घासून. अगदी शेवटच्या ओळीची पाठ बहुधा मागे झुकतही नाही. या जागांना ‘विंडो’ म्हणून जास्तीचे पैसे लावणं ही सरळसरळ लूट आहे.

मांडणी १-२ अशी: मधल्या वाटेच्या (आइल) डावीकडे एक सीट, उजवीकडे दोन. नकाशात डावीकडे एकट्या चौकोनांची रांग दिसते, बहुतेक ठिकाणी तिला ‘ए’ म्हणतात. खिडकीही तुमची, आइलही तुमचा, शेजारी कोणी नाही. एकट्याने जाणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. पण त्यात एक मेख आहे: या बाजूला डोक्यावर सामानाचे कप्पे नसतात. कप्पे फक्त जोडसीटांच्या वर, आणि तेही उथळ. ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरची चाकांची बॅग, जी मोठ्या विमानात सहज बसते, ती इथे बसत नाही. ती विमानाच्या दाराशी टॅग लावून खाली सामानात जाते. म्हणून दबणारी मऊ सॅक घ्या आणि पुढच्या सीटखाली सरकवा.

केबिनची रुंदी जेमतेम २.१ मीटर आणि मधली उंची १.८२ मीटर. सहा फुटी माणसाचं डोकं छताला टेकतं. भिंत आत वळत येत असल्याने खिडकीकडचा खांदा दबतो. अंगाने भरलेल्या माणसाने ‘ए’मध्ये आइलकडे थोडं तिरकं बसावं, फक्त ट्रॉली येताना कोपर आत घ्यावं. जोडसीटांमधली आइलची जागा (‘बी’) सगळ्यांत टाकाऊ: शेजारीही आहे आणि ट्रॉलीही.

पाय लांब असतील तर पंखावरच्या इमर्जन्सी एक्झिटची ओळ घ्या. पैसे भरायचेच तर फक्त हिच्यासाठी. पण टेकऑफ-लँडिंगला पायाशी काहीही ठेवू देत नाहीत, म्हणजे लवकर चढून समोरचा कप्पा गाठायला हवा. घाटावर पावसाळ्यात विमान हादरतं, तेव्हाही पंखाजवळच बरं, कारण विमानाच्या तोलाचा मध्य तिथे असतो आणि हेलकावे शेपटीला जास्त बसतात. पोटात ढवळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाहेर मात्र पंखच दिसतो. कोकणची बाजू बघायची तर पंखाच्या पुढची ‘ए’ घ्या. मुंबईकडे जाताना डावी बाजू पश्चिमेला येते, येताना उजवी. दुपारनंतर त्याच बाजूला ऊन डोळ्यांत येतं.

लहान मूल बरोबर असेल तर ‘ए’चा मोह नको. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (एकाच बुकिंग क्रमांकावरच्या) पालकाशेजारी जागा द्यावी, असं डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं आहे. काउंटरवर जास्तीचे पैसे मागितले तर हे सांगा.

ऐनवेळी विमान बदलणं हा खरा डोक्याला ताप. ईआरजेऐवजी ७६ सीटचं ई-१७५ आलं तर मांडणी २-२ होते, आणि पैसे भरून घेतलेली एकटी सीट गायब. परतावा आपण होऊन कोणी देत नाही, पावती दाखवून मागावा लागतो. तसं ई-१७५ सगळ्याच बाबतीत सरस आहे: उंची दोन मीटर, कप्पे दोन्हीकडे, इंजिनं पंखाखाली. त्यात शेवटची ओळ सोडून कुठेही बसा, सीटचे पैसे वाचवा.

एटीआर-७२ आलं तर सगळं गणित उलटं. ते जेट नाही, पंख्याचं विमान. प्रवाशांचं दार मागे, पंख्यांचा आवाज पुढच्या भागात. तिथे पुढच्या ओळीला पैसे मोजणारा आवाजही खातो आणि उतरतोही शेवटी. मागे बसा.

छोट्या विमानात वजनाचा तोल साधायला क्रू कधी कधी जागा बदलायला सांगतात. तिथे वाद घालून उपयोग नाही, उठावंच लागतं. बॅगला दाराशी टॅग लागत असेल तर आधी औषधं, लॅपटॉप आणि पॉवर बँक काढून घ्या, पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही. आणि बॅग शिडीपाशी मिळणार की बेल्टवर, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.