एका पाकिटात एकाचंच जेवण

बाळ यायच्या आधी फ्रीजर भरून ठेवायचा, यावर आमच्यात दुमत नव्हतं. वाद झाला तो पाकिटाच्या आकारावरून. बायकोचं म्हणणं, मोठे डबे भर, एक डबा काढला की सगळ्या घराचं भागेल. माझं म्हणणं, एका पाकिटात एकाच माणसाचं जेवण. रांधणारा मीच असल्यामुळे निकाल माझ्या बाजूने लागला.

हा हट्ट उगाच नाही. थोरली झाली तेव्हाचे पहिले काही आठवडे आठवतात ना, त्यात आम्ही दोघं एका वेळी पानावर बसलोय असं चित्रच नाही. एकाच्या मांडीवर बाळ, दुसरा जेवतोय. मग अदलाबदल. तिची जेवायची वेळ अकरा, माझी दीड, आणि रात्री दोनला बाळाला पाजून झालं की तिच्या पोटात पुन्हा कावळे ओरडायला लागायचे. अंगावर पाजणाऱ्या आईला गरोदरपणाच्या आधीपेक्षा रोज साधारण ३३० ते ४०० कॅलरी जास्त लागतात, आणि ही भूक घड्याळ बघून लागत नाही. अशा वेळी चौघांना पुरेल एवढा दगड झालेला डबा कोण वितळवत बसणार? आणि वितळवलाच, तर उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न परत आहेच. दोन घास खाल्ले आणि बाळ रडलं म्हणून बाकीचं ओट्यावर तसंच राहिलं, हे त्या दिवसांत हमखास होतं.

लहान पाकिटाचा दुसरा फायदा गोठवण्यातच आहे. पदार्थ हळूहळू गोठला की त्यात बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होतात, ते भाजीच्या पेशी फाडतात, आणि वितळल्यावर सगळं पाणी-पाणी, लिबलिबीत होतं. पटकन गोठला तर स्फटिक बारीक राहतात आणि पोत बराचसा टिकतो. खोल डब्याचा मधला भाग गोठायला तासन् तास लागतात. त्यापेक्षा झिपवाल्या जाड पिशवीत एका माणसाचं भरायचं, हवा दाबून काढायची, पिशवी ताटलीवर आडवी ठेवून हाताने सपाट करायची, जेमतेम बोटभर जाड, आणि तशीच गोठवायची. कडक झाली की ताटली काढून घ्यायची आणि पिशव्या कपाटात वह्या लावतात तशा उभ्या लावायच्या. सूप किंवा पातळ डाळ असेल तर वर थोडी जागा सोडायची, कारण गोठताना पाणी जवळजवळ ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बरणी तर हमखास तडकते.

हवा काढण्यात आळस करू नका. फ्रीजरमधल्या कोरड्या हवेत पदार्थावरचा बर्फ वितळल्याशिवाय थेट उडून जातो, आणि मग चिकनवर ते पांढरट, चामड्यासारखे डाग दिसतात. त्याने पोट बिघडत नाही, पण घास चावता चावता जबडा दुखतो.

आता स्वयंपाकाचं. रविवारी सकाळी मी ओट्यापाशी उभा राहायच्या आधी बायको मुलीला घेऊन बाहेर पडते. कांदा परतल्याचा वास तिला या वेळी सहनच होत नाही. आठवा महिना लागला तरी तो तिटकारा काही गेलेला नाही. मी खिडक्या सताड उघडतो, पंखा लावतो आणि घरातल्या सगळ्यात रुंद कढईत कांदा टाकतो. आधी तो घाम सुटल्यासारखा ओला होतो, मग कडा पिवळ्या पडतात, मग सगळी कढई एकदम तांबूस होते, आणि तिथून करपेपर्यंत फार वेळ नसतो, म्हणून फोन लांब ठेवायचा. मग टोमॅटो, कडेने तेल सुटेपर्यंत. मीठ-तिखट हात राखून, कारण बाळंतपणानंतर तिच्या जिभेला काय रुचेल हे आत्ता तिलाही सांगता येत नाही. परत आली की ती दारातूनच नाक वर करून म्हणते, “अरे, अजून येतोय वास.” मी म्हणतो, “येणारच, संपलंय कुठे?”

हे कांदा-टोमॅटोचं वाटण म्हणजे सगळ्या साठ्याचा पाया. पूर्ण तयार भाजी गोठवण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत झालंय. वाटण एका पिशवीत, शिजवलेली कडधान्यं दुसऱ्या. दोन पिशव्या एका पातेल्यात रिकाम्या केल्या की ताजा रस्सा. तेच वाटण उद्या चिकनला, परवा नुसत्या भाजीला. रोज एकाच चवीचं खायची शिक्षा नको. त्यातही जेमतेम डोळे उघडे असतील अशा दिवसांसाठी थोडी पूर्ण तयार जेवणं आहेतच. घट्ट डाळ, भाज्यांचं दाट सूप, शिजवून बोटांनी सुटं केलेलं चिकन रश्श्यासकट.

राजम्याबद्दल एक गोष्ट सांगतो. तो भिजवल्यावर ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळायचा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर मरत नाही. मंद आचेवर रात्रभर शिजवणारी विजेची भांडी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

आणि एका हाताने खाता येईल असं काहीतरी हवंच. दुसऱ्या हातात बाळ असतं. पोळीत कोरडं सारण भरून केलेल्या गुंडाळ्या मी ताटात एकमेकींना न चिकटवता गोठवतो, कडक झाल्या की मग एका पिशवीत. अशा केल्या की हवी तेवढीच निघते. एकत्र कोंबल्या तर सगळ्यांची मिळून एक वीट होते.

काय गोठवायचं नाही ते पटकन सांगतो. उकडलेलं अंडं, पांढरा भाग रबर होतो. काकडी, कोशिंबीर, काहीच नाही. दही किंवा साय घातलेला रस्सा फुटतो, ती गरम करताना घाला. रश्श्यातल्या बटाट्याच्या फोडी आतून भुसभुशीत होतात, बटाटा हवाच असेल तर कुस्करून. बस्स.

शिजवण्यापेक्षा गार करण्यात जास्त लक्ष घालावं लागतं. जंतूंना ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधलं तापमान मानवतं, म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत गार होऊन आत गेलेलं बरं. उन्हाळा कडक असेल, पारा ३२ च्या वर असेल, तर एकाच तासात. मोठं पातेलं ओट्यावर ठेवून झोपायला गेलं तर मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो. मी परातीत पसरतो, किंवा पातेलं सिंकमध्ये गार पाण्यात ठेवून ढवळत राहतो. वाफ निघत असलेलं भांडं थेट फ्रीजरमध्ये ठेवलं तर शेजारच्या गोठलेल्या पिशव्या घाम गाळायला लागतात. भाताला तर अजिबात थांबवायचं नाही. भातात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढून विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. भात झाला की लगेच ताटात पसरायचा, गार झाला की पिशवीत.

आईचा फोन आला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे शिळंच ना रे ते?” तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. उणे १८ अंशाला जंतू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत, नुसते पडून राहतात. त्यामुळे आत जाताना अन्न जितकं चांगलं होतं तितकंच ते बाहेर येताना असतं. चव आणि पोत मात्र हळूहळू उतरतो, म्हणून रस्से-सूप दोन-तीन महिन्यांत संपवायचे. आईचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही, पण तिने “बाळंतिणीला गरम करून दे हो” एवढंच म्हणून विषय सोडला. तिची ही सूचना अगदी बरोबर आहे. वितळवायचं असेल तर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. आणि गरम करायचं म्हणजे कोमट नाही, उकळी फुटेपर्यंत. ज्यांच्याकडे अन्नाचा थर्मामीटर आहे त्यांनी मधोमध ७४ अंश बघावं. सूप, डाळ, रस्सा गोठलेल्या अवस्थेतच पातेल्यात घालून चालतं, तळाशी थोडं पाणी घालायचं इतकंच. मायक्रोवेव्हमध्ये मधे थांबून ढवळायचं, नाहीतर कडेला चटका आणि मधे बर्फ.

बायको अधूनमधून चाखायला मागते, तेव्हाही हाच नियम. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदरपणात तो धोक्याचा असतो. त्यामुळे फ्रिजमधलं कालचं गार-गार काही तिला चमच्याने दिलं जात नाही. वाफाळतं देतो. ती वैतागते, जीभ भाजली म्हणते.

पाकिटावरच्या चिठ्ठ्यांना आमच्याकडे स्वयंपाकाइतकाच मान आहे. गोठल्यावर सगळे रस्से एकाच रंगाचे दिसतात, आणि ओल्या पिशवीवर काही चिकटत नाही, म्हणून चिठ्ठी आधी आणि भरणं नंतर. त्यावर नाव, तारीख, आणि गरम कसं करायचं ते एका ओळीत. “पाव पेला पाणी घाल, झाकण ठेव, उकळी आण, लिंबू पिळ.” हे कशाला, असं कुणी विचारेल. कारण त्या दिवशी पातेल्यापाशी मी असेनच असं नाही. मुलीला शाळेतून आणायला गेलेलो असेन, किंवा खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेलो असेन. मदतीला आलेल्या माणसाने खोलीच्या दाराशी येऊन “हे कसं करायचं गं?” असं विचारलं, की नुकत्या डोळा लागलेल्या बाळंतिणीला उठावं लागतं.

चिठ्ठ्यांवर चित्रं काढायचं काम थोरलीने स्वतःहून अंगावर घेतलंय. चिकनवर कोंबडी, हे ठीक. राजम्यावर लाल ठिपके, हेही समजतं. सुपावर तिने गोगलगाय काढली. का, ते विचारलं तर “सुपाची गोगलगाय आहे” एवढंच उत्तर मिळालं. आता घरात सुपाला खूण गोगलगाईची.

सुरुवात आम्ही ३२ व्या आठवड्यात केली आणि एका दमात नाही. रोजचा स्वयंपाक करताना दुप्पट करायचा, निम्मा पाकिटांत. रविवारी तेवढं वाटण आणि कडधान्यं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं विसात जेमतेम एक असतात, आणि ३७ आठवड्यांनंतर कधीही बोलावणं येऊ शकतं, तेव्हा तारखेच्या आदल्या आठवड्यासाठी काही राखून ठेवण्यात अर्थ नाही.

एक जागा मात्र मी मुद्दाम रिकामी ठेवलीय. वरचा कप्पा, अगदी मागचा भाग. काढलेल्या दुधासाठी. आईचं दूध बाहेर साधारण चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीजरमध्ये सहा महिने चांगलं राहतं, पण दारातल्या खणात ठेवायचं नाही, दार उघडलं की तिथलं तापमान हलतं. बायकोला वाटत होतं मी ती जागा आइस्क्रीमसाठी धरून ठेवलीय. आइस्क्रीम खालच्या खणात आहे, राजम्याच्या मागे. लाल ठिपके उचलून बघायची तसदी घरात कुणी घेत नाही.

वीज गेली तर? गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४. म्हणून पाकिटं संपत जातील तशा मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, वर जागा सोडून.

काल बहिणीचा फोन होता. “दादा, येताना काय करून आणू?” मी म्हटलं, शिजवलेलं काही आणू नकोस, काकड्या आण, फळं आण, दही आण. गोठवता येत नाही ते सगळं. तिला ते लागलं. म्हणाली, “काकड्या पोचवायला येऊ का मी एवढ्या लांबून?” मग मी म्हटलं, काकड्या आण आणि आल्यावर तासभर बाळ घेऊन बस, तेवढ्यात आम्ही दोघं अंघोळी उरकतो. बाळाचं तिने लगेच कबूल केलं. काकड्यांचं अजून नक्की नाही.