नाव अँटॉप हिलला, माल न्हावाशेव्याला

ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं की काम झालं, असं समजणारे बरेच लोक माझ्याकडे येतात. मी कस्टम ब्रोकर, लोकांचा आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणारा. ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, काम सगळं न्हावाशेवा बंदराचं. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात, म्हणजे ट्रेडमार्कच्या कार्यालयात, नाव नोंदलं गेलं म्हणून ते बंदरावरच्या साहेबांना आपोआप कळत नाही. कस्टम्सकडे वेगळा अर्ज करावा लागतो. त्याचे नियम २००७ पासून आहेत, अर्जाची फी २,००० रुपये. तरी छोट्या कारखानदारांपैकी कुणी तो केलेला मला क्वचितच दिसतो.

वसईच्या एका ताईंचा मोदकाच्या साच्यांचा कारखाना आहे. साच्याच्या पाठीवर ब्रँडचं नाव उठवलेलं असतं. एकदा भुलेश्वरच्या दुकानदाराने फोन करून विचारलं, "ताई, भाव एवढा कसा पाडलात?" भाव त्यांनी पाडलाच नव्हता. साचा चीनहून आला होता, त्यांच्या नावासकट. डिझाइन नोंदवायची सोय उरली नव्हती, कारण ते बाजारात येण्याआधी नोंदवावं लागतं आणि हा साचा कितीतरी गणपती विकला गेलेला. ब्रँडचं नाव मात्र रजिस्टर होतं. ते आम्ही कस्टम्सकडे नोंदवलं.

पुढच्या आषाढात कंटेनर सापडला, आणि खरी धावपळ तिथून सुरू झाली. माल अडवला की हक्कदाराला, म्हणजे नाव ज्याचं त्याला, कळवतात. त्याने कामाच्या १० दिवसांत प्रकरणात हजर व्हायचं; फार तर आणखी १० मिळतात. नाही झालात तर माल सुटतो. बाँड लिहून द्यायचा, तारण ठेवायचं, कारण उद्या माल अस्सल निघाला तर आयातदाराचं नुकसान कुणी भरायचं? तपासणीला ताई स्वतः सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात, आल्या. पेटी उघडल्या उघडल्या साचा हातात घेऊन म्हणाल्या, "काका, कळ्या मोजा. माझ्या साच्याला ११ आहेत, याला १०." मी जन्मभर मोदक खातोय, कळ्या कधी मोजल्या नव्हत्या.

माल नकली ठरला. मग हिशेब आला. असा माल नष्ट करण्याचा खर्च, तोवरचं डेमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे माल आणि कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं, सगळं हक्कदाराने सोसायचं. नियमच तसा आहे. ताई भडकल्या. "नाव माझं चोरायचं, आणि जाळायला रॉकेलही मीच आणायचं?"

मला विचाराल तर त्यांचं काही चुकत नाही. बड्या कंपनीला हा खर्च किरकोळ, वसईच्या शेडमध्ये चालणाऱ्या कारखान्याला नाही. निदान लघुउद्योगांच्या बाबतीत तो आधी आयातदाराच्या गळ्यात मारायला हवा.

हजर व्हा, तारण ठेवा, ही अट मात्र मी काढू देणार नाही. नोंदीच्या जोरावर भलत्याचाही माल अडू शकतो. मदुराईच्या एका गृहस्थांना २००८ मध्ये एकापेक्षा जास्त सिमकार्डांच्या मोबाइलवर भारतीय पेटंट मिळालं. त्यांनी ते कस्टम्सकडे नोंदवलं आणि ड्युअल सिमचे फोन बंदरांवर अडकू लागले. २०१२ मध्ये ते पेटंटच रद्द झालं. पेटंटचा भंग झालाय की नाही हे पेटी उघडून कळत नाही हो. तिथे कळ्या मोजून भागत नाही. २०१८ मध्ये पेटंट या नियमांतून काढून टाकलं. ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन आणि जीआय (भौगोलिक मानांकन) राहिले.

आता ताईंना दुबईहून ऑर्डर येऊ लागली आहे. इथली नोंदणी तिथे चालत नाही. भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे इथूनच एका अर्जात अनेक देश मागता येतात, फी मात्र देशागणिक वाढते. मी यादी पुढे सरकवली आणि म्हटलं, दुबईसाठी यूएई घ्याच, जोडीला चीनही घ्या.

"चीनमध्ये कोण माझे साचे घेणार?"

घेणार कुणी नाही. पण तिथे जो आधी अर्ज करतो, नाव साधारण त्याचं होतं. शिवाय चिनी कस्टम्स देशाबाहेर निघालेला नकली मालही अडवतं, फक्त नोंद तिथली लागते. तिथे तीन वर्षं नाव वापरलं नाही तर कुणीही ते रद्द करायला सांगू शकतो, हेही त्यांना सांगितलं.

ताईंनी चीनवर खूण केली. अमेरिकेचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या, आधी डेमरेजचं बिल फिटू दे.